डुक्कर फियाट घ्यायची असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी बघा

जुनी गाडी बघायला गेलेला नवखा माणूस पहिलं काय करतो? मालकाला म्हणतो, "जरा स्टार्ट करून दाखवा." इंजिन एका झटक्यात लागलं, आवाज बरा आला, धूर फारसा दिसला नाही, की मन तिथेच गुंततं आणि टोकनचे पैसे देऊन माणूस घरी येतो. दुसऱ्या एखाद्या गाडीत हे कदाचित चालून जाईल. १९५४ पासून कुर्ल्याला बनलेली फियाट ११००-१०३, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात, तिच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. या गाडीत इंजिन ही सगळ्यात सहज सुधारता येणारी गोष्ट. पत्रा, काचा, क्रोमच्या पट्ट्या आणि आरसी बुक या सगळ्यात अवघड. असं का, ते तिच्या इतिहासात आहे, म्हणून थोडा इतिहास आधी सांगतो. तो कळला की गाडीत काय तपासायचं हे निम्मं आपोआप कळतं.

गाडी नेमकी कोणती, ते आधी ओळखा

फियाटने मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ११०० आणली. १०३ हा तिचा कंपनीतला क्रमांक. रचनाकार दान्ते जाकोसा. १९३६ ची टोपोलिनो त्यांचीच, आणि पुढे आलेल्या १९५५ ची ६०० आणि १९५७ ची नवी ५०० यासुद्धा त्यांच्याच. युद्धाआधीपासून चालत आलेली ११०० वेगळ्या चेसिसवर बॉडी ठेवलेली गाडी होती. नव्या ११०० मध्ये वेगळी चेसिस राहिलीच नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो, ज्याला आपण मोनोकॉक म्हणतो. मडगार्ड बाहेर काढलेले नाहीत, पायऱ्या नाहीत, दिवे बॉडीतच बसवलेले. त्या काळात ही मोठी उडी होती.

इंजिन मात्र जाकोसांनी जुनंच ठेवलं. १९३७ च्या ५०८सी या मॉडेलपासून आलेलं १०८९ सीसीचं, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली चाल) चार सिलिंडरचं इंजिन सुधारून या गाडीत बसवलं. ताकद ३६ हॉर्सपॉवर. म्हणजे अंग नवं आणि काळीज आधीच कसाला लागलेलं.

आता कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या गाड्या आणि ट्रक निघू लागले. पण त्या थोराड अमेरिकन मोटारी सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातल्या नव्हत्या. लहान गाडीसाठी कंपनी फियाटकडे वळली. १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं की फक्त सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, हळूहळू भागही इथेच बनवायला हवेत. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही. प्रीमिअर टिकली आणि त्याच सुमाराला तिच्या हातात ही ताजी इटालियन गाडी आली. वालचंद स्वतः एप्रिल १९५३ मध्ये गेले. ही गाडी कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडताना बघायला ते नव्हते, याची मला नेहमी हळहळ वाटते. कुर्ल्यात आज कारखाना नाही, प्रीमिअर रोड हे नाव मात्र आहे.

पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या, मग १९६४ ची डिलाइट, ती पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. पद्मिनी साधारण २००० सालापर्यंत बनत होती आणि तिच्या पेट्रोल इंजिनाचं माप शेवटपर्यंत तेच होतं, १०८९ सीसी, ६८ गुणिले ७५. म्हणजे या इंजिनाच्या घराण्याचे भाग मुंबईत जवळपास अर्धं शतक विकले गेले. डुक्करची बॉडी मात्र पन्नासच्या दशकातच संपली. तिचे दरवाजे, काचा, दिवे, ग्रिल पद्मिनीला लागत नव्हते, म्हणून ते पुन्हा कोणी बनवलेही नाहीत. शीर्षकात इंजिन शेवटी म्हटलंय ते याच कारणाने.

ओळखायची कशी? विकणारे कुठल्याही जुन्या गोल फियाटला डुक्कर म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. पुढचा दरवाजा उघडा. बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे मधल्या खांबावर असल्या पाहिजेत. दरवाजा उलटा, मागे उघडतो. मग गाडीच्या मागे जा. डिकी आखूड, गोल, खाली उतरत जाणारी हवी. डिकी लांब आणि कडेला छोटे पंख उभे राहिलेले दिसले तर ती १०३डी घराण्यातली पुढची गाडी आहे. तीसुद्धा छान गाडी, पण डुक्कर नव्हे, आणि तिला डुक्करचा भाव देऊ नये. शेवटी बॉनेट उघडून पाटीवरचा १०३ हा प्रकार क्रमांक आणि पत्र्यात ठोकलेला नंबर बघा. सुरुवातीच्या गाड्यांत इटलीहून आलेले भाग जास्त. मीटरवर व्हेलिया, विजेच्या भागांवर मान्येती मारेल्ली अशी नावं अजून शाबूत दिसली, तर ती गाडी फारशी कोणी उचकटलेली नाही असं समजायला हरकत नाही.

कागद: गाडी हलवण्याआधी

कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. "नंतर करून देतो" यावर तर मुळीच नाही. नवख्यांसाठी ही माझी सगळ्यात कडक सूचना आहे.

मूळ आरसी बुक मागा. त्या काळातलं बुक हाताने लिहिलेलं असतं, पानं पिवळी पडलेली, मालकांची नावं एकाखाली एक. ही नावांची साखळी शेवटपर्यंत वाचा. सध्या विकणारा माणूस त्या साखळीतला शेवटचा मालक आहे का? बऱ्याचदा गाडी आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि विकायला आलेला असतो नातू. तेव्हा आधी वारसाच्या नावावर गाडी चढवावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. ते झाल्यावर तुमच्या नावावर हस्तांतर, फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कोणे एके काळी गाडी कर्जाने घेतलेली असेल आणि बुकावर त्याची नोंद असेल, तर तीही आधी उतरवून घ्यायला सांगा. कर्ज देणारी संस्था आज अस्तित्वात नसेल तर हे काम फार रेंगाळतं.

मग चेसिस नंबर. पातळ कागद नंबरावर ठेवून वरून पेन्सिल फिरवा, छाप उमटेल. तो छाप आणि बुकातला आकडा एकेक अंक लावून जुळवा. अंक ओळीत आहेत का, एखादा नव्याने ठोकल्यासारखा खोल गेलाय का, आजूबाजूचा पत्रा कापून जोडलाय का, हेही बघा. इंजिन नंबर न जुळणं ही मात्र तितकी धक्कादायक गोष्ट नाही, कारण सत्तर वर्षांत बहुतेक गाड्यांची इंजिनं एकदा तरी बदलली गेली आहेत. बदललेल्या इंजिनाची बुकात नोंद असली की झालं.

जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या संगणकात नसू शकते. विक्री ठरवण्याआधी गाडीचा जुना नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर टाकून बघा. माहिती आली नाही तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं, करावी लागेल, आणि ती विकणाऱ्याने करून द्यावी असं बोलणं आधीच करून घ्या.

आता व्हिंटेज नोंदणीचे नियम, जे २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मूळ रूपात म्हणजे चेसिस, बॉडीचा सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नको. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवायची असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए अशी वेगळी मालिका मिळते. नियमात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नूतनीकरणाची ५,००० रुपये ठेवलेली आहे, आणि नोंदणी १० वर्षं चालते. फीचे आकडे भरण्याआधी एकदा पडताळून घ्या.

याची दुसरी बाजू मात्र नीट समजून घ्या. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि या कामांसाठी जाणं-येणं, एवढंच. रविवारी सकाळी सहज घरच्यांना घेऊन बाहेर पडायचं असेल तर साधी नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून चालू ठेवणं जास्त सोयीचं. जुना बीएम अक्षरांचा मुंबई नंबर असेल तर तो कुठल्याही परिस्थितीत जाऊ देऊ नका. तो गाडीच्या जन्माचा दाखला आहे.

पत्रा: इथे अख्खी सकाळ द्या

गाडी बघायला पावसाळा संपल्यावर, सकाळच्या उजेडात जा. जुने कपडे, टॉर्च, लोहचुंबक, जाड पुठ्ठा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर बरोबर घ्या. गाडी नुकतीच रंगवून चकचकीत केलेली असेल तर दुप्पट वेळ काढा. माझ्या मते रंग उडालेली, धूळ खात पडलेली गाडी नव्या रंगाच्या गाडीपेक्षा विकत घ्यायला चांगली, कारण तिच्यात जे आहे ते समोर दिसतं.

या गाडीला वेगळी चेसिस नाही हे पुन्हा आठवा. त्यामुळे खालचा पत्रा सडला की गाडीची ताकदच गेली. पहिल्यांदा दरवाज्यांखालची पोकळ पट्टी बघा, जिला सिल म्हणतात. डुक्करमध्ये या जागेला खास महत्त्व आहे. पुढचा दरवाजा मागे उघडणारा आणि मागचा दरवाजा नेहमीसारखा, म्हणजे दोन्ही दरवाजे एकाच मधल्या खांबावर टांगलेले. एका बाजूच्या दोन जड दरवाज्यांचा भार तो एक खांब घेतो आणि खांब उभा असतो सिलवर. सिल आतून गंजली की खांबाचा पाया ढिला होतो.

तपासायची पद्धत अशी. पुढचा दरवाजा पूर्ण उघडा. त्याच्या मोकळ्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचला. नजर दरवाजावर नको, खांबाच्या तळाशी ठेवा. फक्त बिजागरीच्या पिनमध्ये खडखड जाणवली तर चिंता नाही, पिन लेथवर बनवून मिळते. पण खांबाचा तळ किंचित हलला, तिथल्या रंगाला केसासारखी चीर दिसली, किंवा सिलच्या सांध्यातून तांबडी भुकटी खाली पडली, तर खालचा पत्रा खलास आहे. मग दरवाजा हळूच मिटत आणा आणि फटी बघा. वर अरुंद, खाली रुंद अशी तिरकी फट म्हणजे खांब कलला आहे. मालक म्हणेल, "जुन्या गाड्यांचं असंच असतं." तसं नसतं. हीच परीक्षा दोन्ही बाजूंना करा.

दरवाजाचं कुलूपही इथेच बघून घ्या. पुढचा दरवाजा मागे उघडत असल्यामुळे चालत्या गाडीत खटका सुटला तर वारा दरवाजा सपकन पूर्ण उघडतो. खटका दोन टप्प्यांत घट्ट बसतो ना, हे बाहेरून आणि आतून ओढून बघा.

त्यानंतर गाडीखाली जा. पुठ्ठा टाकून आडवं व्हा, टॉर्च मारा. पुढच्या सीटखालचा फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, मागच्या कमानी स्प्रिंग जिथे बॉडीला अडकतात ती टोकं, डिकीचा तळ. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा आतून पुट्टी भरलेला ठप्प आवाज देतो. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून चाकांच्या कमानींवरून, दरवाज्यांच्या खालच्या काठावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. चटई उचलून खाली डांबराचा ताजा थर दिसला तर तो का लावला ते विचारा. मुंबईत आणि कोकणपट्टीत राहिलेल्या गाडीत खारी हवा आणि पाऊस दोन्ही मुरलेले असतात. देशावरच्या, नगर-सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली गाडी मिळाली तर प्रवासखर्च करून बघायला जा.

मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डच्या मागे आणि सीट काढल्यावर दिसणाऱ्या पत्र्यावर बघा. तिथपर्यंत सहसा कोणी दुसरा हात मारलेला नसतो.

किती गंज चालेल? फ्लोअर नवा पत्रा कापून घालता येतो, चांगला डेंटर ते रोज करतो. सिलसुद्धा करता येते, पण त्या वेळी खांब आणि दरवाजे आधार देऊन जागेवर ठेवावे लागतात, आणि हे काम आधी केलेला डेंटर हवा. स्प्रिंगची टोकं, खांबाचा पाया आणि दोन्ही सिल एकाच गाडीत गेलेल्या असतील तर ती सुटे भाग काढण्यापुरती घ्या, नाहीतर सोडून द्या.

काच, क्रोम आणि किरकोळ वाटणाऱ्या वस्तू

गाडीभोवती एक फेरी मारून कागदावर दोन रकाने करा: काय आहे, काय नाही. पुढची काच, मागची काच, ग्रिल, बंपर, दिव्यांच्या कड्या, दरवाज्यांच्या मुठी, फियाटची अक्षरं, मीटर, स्टीअरिंगचं चाक, हॉर्नचं बटण. यातली प्रत्येक हरवलेली वस्तू शोधायला इंजिन बांधण्यापेक्षा जास्त काळ लागू शकतो. मोडकी चालेल, वाकलेली चालेल, पण असायला हवी. वाकलेला बंपर सरळ करून क्रोम करता येतो. मोडकी वस्तू नमुना म्हणून तरी उपयोगी पडते. मालकाच्या घरी माळ्यावर, गोठ्यात, जुन्या ट्रंकेत काही पडलंय का हे आवर्जून विचारा. काढून ठेवलेली ग्रिल बहुधा तिथेच मिळते आणि ती गाडीबरोबरच मागून घ्यायची असते.

आता इंजिन

ते लागत नसेल तरी घाबरू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि मग हाताने फिरवून बघा. फिरलं तर उत्तम. जाम असेल तर भाव करताना बोला.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, अॅल्युमिनियमचं आहे. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेल्या गाडीत हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, ऑइलच्या काठीवर दुधाळ साय आहे का, बघा. असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडलाच तडा. हेड फेसिंग, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, कुठलाही चांगला लेथवाला करतो, फक्त आधी किती वेळा फेसिंग झालंय हे मोजून घ्यायला सांगा. बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग करून त्या मापाच्या बेअरिंग, ही कामं मुंबई-पुण्याच्या जुन्या मिस्त्रींच्या हातची आहेत.

गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. चार गिअर, पहिल्याला सिंक्रो (गिअर सहज अडकवणारी रचना) नाही, त्यामुळे पहिला टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. गिअर सापडत नसेल तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा नसतो, दांड्यापासून खाली जाणाऱ्या जोडांतले बुश झिजलेले असतात. कोणीतरी जमिनीवर गिअर घेऊन फ्लोअर शिफ्ट केलं असेल तर मूळ दांडा आणि जोड गाडीबरोबर आहेत का विचारा. नसतील तर तो खर्च धरा.

पुढची चाकं उचलून वर-खाली धरून हलवा, किंगपिनची (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिची) ढिलाई हाताला लगेच कळते. वेळेवर ग्रीसिंग न केलेल्या गाडीत ती असतेच. ब्रेकच्या बाबतीत मात्र गाडी चालू स्थितीत मिळाली तरी विश्वास ठेवू नका. चारही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिकचा एकच मार्ग, म्हणजे एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. गाडी घरी आल्यावर रस्त्यावर काढण्याआधी नळ्या, मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडून नवे रबर टाका, ब्रेक ऑइल नवं भरा.

भाग कुठून आणायचे

मुंबईत ऑपेरा हाउसचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. पद्मिनीच्या नावाने विचारा, कारण दुकानदाराला ११००-१०३ म्हटलेलं कळेलच असं नाही. पण जुना भाग हातात घेऊन जा आणि काउंटरवर कॅलिपरने मोजून मगच घ्या. इंजिनाचं घराणं एक असलं तरी मधल्या काळात बारीकसारीक बदल होत गेले, "बसेल, बसेल" म्हणून दिलेला भाग घरी येऊन बसत नाही. टायर ५.२०-१४ मापाचे, पद्मिनीचेही तेच.

घाई करण्याचं एक खरं कारण आहे. हा बाजार मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी जिवंत ठेवला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. आता दुकानात आहे तो उरलेला माल. गाडी पक्की झाली की गॅस्केटचा संच, किंगपिन, क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेकचे रबर एवढं आजच घेऊन ठेवा, काम पुढच्या वर्षी काढणार असलात तरी.

काचांची रबरं, दरवाज्यांच्या बीडिंग, काही क्रोमच्या पट्ट्या इटलीत अजून नव्या मिळतात. शोधताना जर्मनीतल्या हाइलब्रॉनला याच घराण्याच्या ज्या गाड्या बनल्या त्यांचं नेकार हे नावही वापरा. फक्त तिकडच्या गाड्या डाव्या स्टीअरिंगच्या. डॅशबोर्ड, स्टीअरिंग बॉक्स, पॅडलचे जोड तिकडून मागवू नका.

कामाचा क्रम

गाडी घरी आली की काहीही उघडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक कोपऱ्याचे, प्रत्येक वायरचे. सुटं केलेलं सामान पिशवीत घालून चिठ्ठी लावा. मग ब्रेक, मग पत्रा, मग वायरिंग, मग इंजिन, मग रंग, शेवटी सीट आणि अस्तर. बरेच जण रंगापासून सुरुवात करतात आणि पुढे डेंटरने वेल्डिंगची ठिणगी पाडली की तोच रंग पुन्हा काढावा लागतो.

गाडी १२ व्होल्टची, बॅटरी चार्ज करायला डायनामो. कापडी आवरणाच्या जुन्या वायरी हाताला भुगा होत असतील तर अख्खं वायरिंग नवं करा आणि बॅटरीजवळ एक कटऑफ बसवा, जुन्या गाड्या जळतात त्या बहुतेक वायरिंगने. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवावा का, यावर लोक तासन् तास भांडतात. मी मूळ डायनामो दुरुस्त करून ठेवण्याच्या बाजूचा आहे. तुम्हाला अल्टरनेटर हवाच असेल तर काही न कापता, न वेल्ड करता बसवा आणि मूळ डायनामो जपून ठेवा. पुढच्या डिस्क, दुसऱ्या गाडीचं इंजिन, एलपीजी किट, यांतलं काहीही नको. व्हिंटेज नोंदणी अडेल, आणि इतकी वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या हाताने कमी होईल.

जाणकार माणसं शोधायला मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीला जा, किंवा वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे चौकशी करा. रॅलीत गाड्या उभ्या असताना मालकाला विचारून खालून, आतून नीट बघा. चांगली डुक्कर एकदा जवळून बघितली की फटी कशा असाव्यात, ग्रिल कशी बसते, हे डोळ्यांत बसतं आणि मग विकायला असलेल्या गाडीतली खोट लपत नाही. या लोकांना आपल्या गाडीबद्दल बोलायला मनापासून आवडतं, संकोच करू नका.

रस्त्यावर काढल्यावर

पहिल्या फेऱ्या घराजवळच्या. दर फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी डाग बघा: काळा म्हणजे इंजिन ऑइल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल म्हणजे ब्रेक. इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल चालतं, पण नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर काढा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाला. त्या हेडला तेच वाचवतं.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते फुगवतं, खातं. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. एकतर भरून ठेवा, नाहीतर रिकामी करून कोरडी.

पुण्याला जायचं तर जुन्या हायवेने, पहाटे निघा. ३६ घोड्यांना खंडाळ्याचा चढ जमतो, पण खालच्या गिअरमध्ये, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. काटा चढायला लागला तर पुढच्या वळणाची वाट न बघता बाजूला घ्या आणि इंजिन निवू द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, सगळा भार ब्रेकवर टाकू नका. लांब उतारावर ड्रम तापले की पॅडल घट्ट लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही.

पावसाळ्यात गाडी झाकायची असेल तर प्लास्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली घाम धरतो. सुती कव्हर आणि वर छप्पर. दरवाजाच्या आणि सिलच्या तळाला पाणी जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रं असतात. जूनच्या आधी एक तार घेऊन ती मोकळी करा आणि सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारून घ्या.